घोरणारा एक, जागणारा दुसरा

निद्रानाशाची तक्रार घेऊन रुग्ण चिकित्सालयात आला की आपण त्याला बरेच काही विचारतो. झोप केव्हा लागते, केव्हा मोडते, चहा किती वेळा होतो, रात्रीचे जेवण किती वाजता असते, मनाला चिंता कोणती आहे, मलप्रवृत्ती कशी आहे. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ‘आपल्या शेजारी कोण झोपते, आणि त्या व्यक्तीची झोप कशी असते?’ हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? एकवीस वर्षांच्या व्यवसायात आम्ही तो विचारलेला नव्हता. न विचारल्याचे परिणाम आमच्याच घरात दिसले, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे. यात आमची चूक आहे, तिच्यातून हाती आलेले थोडे व्यावहारिक ज्ञान आहे, आणि संहितेतील एका शब्दाकडे वैद्यबंधु-भगिनींचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न आहे.

घरातील रुग्णा

आमच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. २०२२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना अर्धशिरःशूल सुरू झाला. जोडीला मलावष्टंभ, चिडचिड, वर्गात शिकवताना शब्द न आठवणे, अंग ठणकणे ही लक्षणे होती. नाडी वातप्रधान, जिव्हा रूक्ष, डोळ्यांखाली काळेपणा. रात्रिजागरणाने वात वाढतो आणि रूक्षता येते हे कोणत्याही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. आम्ही निदान केले ‘वातज शिरःशूल’ आणि जागरणाचे कारण ठरवले ‘मुलीच्या दहावीची चिंता’. पथ्यादि क्वाथ दिला, गोघृताचे नस्य दिले, झोपताना पादाभ्यंग सांगितला, ब्राह्मी दिली. आठ महिने औषध चालले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा पूर्ववत होई.

मे महिन्यात त्या पंधरा दिवस माहेरी गेल्या. तेथे कोणतेही औषध न घेता डोके दुखणे थांबले, मलप्रवृत्ती सुधारली, चेहऱ्यावर तेज आले. परतल्यावर आठवड्याच्या आत सारे पुन्हा सुरू झाले. उपशय आणि अनुपशय हे निदानपंचकातील साधन आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो. येथे तो उपशय आमच्या डोळ्यांसमोर घडला. आम्ही मात्र ‘माहेरची हवा मानवते’ असे म्हणून तो हसण्यावारी नेला.

उलगडा मुलीच्या बोलण्यातून झाला. परीक्षेच्या काळात पत्नी तिच्यासोबत बाहेरच्या खोलीत झोपत असत. अभ्यासाला सोबत, असे आम्ही समजत होतो. एके दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या घोरण्यामुळे आई माझ्या खोलीत येते. पण थोड्या वेळाने परत तुमच्याकडे जाते. मग दोन्हीकडे तिची झोप होत नाही.” आम्ही पत्नीला विचारले, आमच्या घोरण्याचा इतका त्रास होता तर परत का येत होतीस? त्यांनी दिलेले उत्तर आम्ही विसरणार नाही. त्या म्हणाल्या, “अहो, घोरण्याची सवय झाली आहे. ते मध्येच थांबते ना, तेव्हा जाग येते. श्वासच थांबतो तुमचा. पुन्हा सुरू होईपर्यंत मी आकडे मोजत बसते. एकदा सदतीस झाले. तेव्हा तुम्हाला गदागदा हलवले. बाहेर झोपले तर हलवायला कोण आहे?”

ज्या रुग्णेला आम्ही आठ महिने निद्राजनन औषधे देत होतो, ती रात्रभर आमच्या श्वासावर पहारा देत होती. तिच्या व्याधीचा हेतू तिच्या शेजारीच निजत होता आणि तिच्यासाठी क्वाथ लिहीत होता. निदानपरिवर्जन हेच चिकित्सेचे पहिले सूत्र म्हणून आपण रुग्णांना सांगतो. ते आमच्या घरात आम्हीच मोडले होते.

घोरणे आणि श्वासरोध

घोरणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात पाहू. झोपेत स्नायू शिथिल होतात. मृदुतालू, पडजीभ, जिव्हामूल आणि घशाच्या भिंती यांमधील मार्ग अरुंद होतो. त्या अरुंद मार्गातून वायू जाऊ लागला की मृदू भाग थरथरतात आणि शब्द उत्पन्न होतो. उताणे झोपल्यास जिव्हामूल मागे पडते आणि शब्द वाढतो. मद्यपान, झोपेच्या गोळ्या, नाक चोंदणे, मेदोवृद्धी, लहान वा मागे असलेला हनुवटीचा भाग, वाढलेले गलशुंडिका व टॉन्सिल, थायरॉइडची मंदता ही त्याची नेहमी आढळणारी कारणे होत. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर आणि गर्भावस्थेच्या उत्तरार्धात घोरणे वाढते. ‘घोरणारा पुरुषच असतो’ असे गृहीत धरल्यास अनेक रुग्णा सुटून जातात.

आयुर्वेदीय परिभाषेत बोलायचे तर येथे प्राणवह स्रोतसाचा संग आहे. कफ व मेद यांनी कंठप्रदेशी मार्ग संकुचित केला, वायूची गती आवृत झाली, आणि तोच वायू शब्दरूपाने व्यक्त झाला. मार्ग संकुचित असेपर्यंत केवळ घोरणे असते. मार्ग पूर्णच मिटला की श्वासरोध होतो. आधुनिक शास्त्राप्रमाणे किमान दहा सेकंद श्वासप्रवाह थांबल्यास त्यास श्वासरोध म्हणतात. असे पूर्ण अथवा अर्धवट अवरोध तासाला किती होतात, यावरून तीव्रता ठरते. पाचपेक्षा कमी असल्यास प्राकृत, पाच ते चौदा सौम्य, पंधरा ते एकोणतीस मध्यम, तीस वा अधिक असल्यास तीव्र. प्रत्येक अवरोधात रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा घोर काढून श्वास पुन्हा सुरू होतो. रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. सकाळी उठल्यावर मात्र डोके जड, तोंड कोरडे, दिवसा पेंग, असे तो सांगतो.

या विकाराचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयगतीतील अनियमितता, पक्षाघात आणि वाहन चालवताना डुलकी लागून होणारे अपघात यांच्याशी आहे. औषधे घेऊनही न आटोपणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णात हे कारण अवश्य शोधावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या चिकित्सकांनी झोपेतील श्वासरोधाचा उल्लेख केला होता. त्यानंतर काही दिवस वर्तमानपत्रांतून या विकारावर लेख आले, रुग्णही विचारू लागले. पुढे विषय मागे पडला.

क्रथन : एक दुर्लक्षित शब्द

हा विकार आपल्या शास्त्राला अपरिचित होता काय? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात मेदोवृद्धीची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास, पिपासा, क्षुधा, अतिनिद्रा, स्वेद, दौर्गंध्य यांच्या मालिकेत ‘क्रथन’ असा एक शब्द येतो. माधवनिदानातही मेदोरोगाच्या लक्षणांत तो आहे. क्रथन म्हणजे अकस्मात श्वास अडणे. काही जण त्याचा अर्थ झोपेतील घुरघुर असाही लावतात. स्थूल देह, अतिनिद्रा, क्षुद्रश्वास आणि क्रथन ही चारही लक्षणे आचार्यांनी एकाच ठिकाणी ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाश्चात्त्य वैद्यकात १९५६ साली स्थूलता, पेंग आणि श्वसनाची मंदता यांच्या समुच्चयाला चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबरीतील एका झोपाळू, लठ्ठ पात्रावरून नाव दिले गेले, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. आपल्याकडे हा समुच्चय सूत्ररूपाने आधीच नोंदलेला होता.

तरीही येथे आत्मस्तुती करून थांबणे उचित नव्हे. शब्द आपल्या ग्रंथात होता, आम्ही तो अनेकदा पाठही म्हटला होता, आणि तो व्याधी आमच्याच देहात असताना आम्हांस ओळखता आला नाही. ओळखला तो आकडे मोजणाऱ्या पत्नीने. ग्रंथात शब्द असणे वेगळे आणि रुग्णात तो दिसणे वेगळे.

अष्टविध परीक्षेत शब्दपरीक्षेला स्थान आहे. सुश्रुतांनी पंचेंद्रियांच्या जोडीला प्रश्नपरीक्षा सांगितली आहे. क्रथनाच्या बाबतीत या दोन्ही परीक्षा रुग्णावर करता येत नाहीत, कारण रुग्ण निद्रित असतो. त्या त्याच्या शय्यासोबत्याच्या द्वारेच कराव्या लागतात. आज प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे. रात्री एक-दोनच्या सुमारास दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून आणण्यास सांगावे. घोरणे, नंतर शांतता, नंतर एकदम हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास, असा क्रम ऐकू आला तर पुढील तपासणीस विलंब करू नये.

जागणाऱ्याची अवस्था

या विषयावर लिहिताना बहुतेक लेख घोरणाऱ्याविषयीच बोलतात. शेजारी जागणाऱ्याला मात्र कोणी रुग्ण मानत नाही. त्याच्या वाट्याला विनोद येतात. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोठ्याने घोरणाऱ्याचा आवाज सहज ६० डेसिबलच्या पलीकडे जातो, आणि तो कानापासून हातभर अंतरावर असतो. रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकाविरुद्ध तक्रार करता येते, स्वतःच्या शय्येविरुद्ध कोठे करावी?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चिकित्सकांनी १९९९ मध्ये दहा दांपत्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पतीला श्वासरोध, आणि दोघांचीही निद्रापरीक्षा एकाच रात्री. शय्येवर घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेत गेलेला भाग पत्नींच्या बाबतीत ७४ टक्के होता. पतीवर उपचार सुरू होताच तो ८७ टक्क्यांवर गेला. पत्नीला कोणतेही औषध दिलेले नव्हते. आमच्या पत्नीच्या माहेरच्या पंधरा दिवसांचे मर्म हेच होय.

आपल्या समाजात जागणारी बहुधा स्त्री असते आणि ती बोलत नाही. एका खोलीच्या घरात वेगळे झोपण्यास जागाच नसते. एकत्र कुटुंबात सून बाहेरच्या खोलीत झोपू लागली तर ‘दोघांत काही बिनसले आहे काय’ अशी कुजबुज होते. पतीला सांगावे तर तो म्हणतो, “मी कोठे घोरतो?” पत्नी घोरत असेल तर प्रश्न अधिकच नाजूक. ती लाजेने रात्रभर सावध राहते, आणि पतीही कोणाला सांगत नाही. म्हणून हा प्रश्न वैद्यानेच, सहजपणे, दोघांना समोर बसवून काढला पाहिजे. ‘घोरणे हा दोष नव्हे, देहाचे लक्षण आहे’ हे एकच वाक्य पहिल्या भेटीत उच्चारले तरी निम्मे काम होते, असा आमचा अनुभव आहे.

शय्यासोबत्यासाठी काय सांगावे

१. प्रथम वैद्याने दोन प्रकार वेगळे करावेत. श्वास न थांबता केवळ आवाज होत असेल तर पुढील उपाय पुरेसे होऊ शकतात. श्वास थांबत असेल तर हे उपाय तात्पुरते समजून घोरणाऱ्याची तपासणी करवून घ्यावी.

२. कुशीवर झोपणे. सदऱ्याच्या पाठीच्या बाजूस खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवल्यास घोरणारा उताणा होताच त्यास टोचते व तो कुशीवर वळतो. जोडीदाराला रात्रभर कोपराने ढोसावे लागत नाही. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली चार ते सहा इंचांचे ठोकळे ठेवूनही अनेकांना लाभ होतो. एकावर एक उशा रचू नयेत. मान वाकून मार्ग अधिकच दबतो.

३. जागणाऱ्याने आधी झोपावे. घोरणाऱ्याने अर्धा-पाऊण तास नंतर शय्येवर यावे. एकदा गाढ झोप लागली की पहिला आवाज तितका बाधत नाही.

४. कर्णगोलक. औषधालयात मिळणारे मऊ फोमचे गोलक दाबून कानात घातल्यास आवाज बराच कमी होतो. कर्णस्राव, कर्णशूल वा पडद्यास छिद्र असल्यास वापरू नयेत. तान्हे मूल वा वृद्ध रुग्ण घरात असेल तर एकाच कानात घालावा. पंख्याचा स्थिर आवाजही पुष्कळांना उपयोगी पडतो.

५. वेगळे झोपणे. हे संबंध तुटल्याचे चिन्ह नव्हे, हे सासूसासऱ्यांसह सर्वांना समजावून द्यावे. आठवड्यातील काही रात्री वेगळ्या ठेवण्याचा ठराव दांपत्याने आनंदाने करावा. परंतु एक सावधगिरी अवश्य. श्वास थांबतो की नाही हे ठरण्यापूर्वी वेगळे झोपू नये. साक्षीदार खोलीबाहेर गेला की क्रथन कोणाच्याच ध्यानात येत नाही. वेगळे झोपण्याने एकाला विश्रांती मिळते, दुसऱ्याची चिकित्सा होत नाही.

६. झालेल्या जागरणाची भरपाई. असात्म्य जागरण घडल्यास त्याच्या अर्धा वेळ सकाळी, अन्न घेण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भटांनी सांगितले आहे. दुपारी जेवून झोपण्यापेक्षा हे हितकर. पादाभ्यंग, शिरोभ्यंग, दूध, घृत ही वातशामक योजना जोडीला असावी. चरकांनी निद्राजनक उपायांत अभ्यंगादींबरोबर सुखकर शय्या आणि सुखकर घरही सांगितले आहे. शय्याच सुखकर नसेल तर बाकीच्या उपायांनी किती साधणार, हे आम्ही आठ महिन्यांत पाहिले.

घोरणाऱ्याची चिकित्सा

तपासणीसाठी दोन सोप्या प्रश्नावल्या चिकित्सालयात ठेवाव्यात. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या एपवर्थ मापनात आठ प्रसंग आहेत. वाचताना, दूरदर्शन पाहताना, वाहनात प्रवासी म्हणून बसले असता डुलकी लागण्याचा संभव किती, यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. चोवीसपैकी दहाहून अधिक गुण म्हणजे दिवसाची पेंग प्राकृत नव्हे. दुसरी, स्टॉप-बँग नावाची. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबल्याचे पाहणे, रक्तदाब, अतिस्थौल्य, पन्नाशीपुढील वय, मानेचा घेर ४० सें.मी.हून अधिक, पुरुष असणे. आठपैकी तीन वा अधिक उत्तरे ‘होय’ आल्यास निद्रापरीक्षेस पाठवावे. मानेचा घेर मोजण्यास एक शिंप्याची फीत पुरते. आमच्या मेजावर ती आता नाडीयंत्राशेजारी असते.

चिकित्सेत निदानपरिवर्जन अग्रभागी. रात्रीचे जेवण झोपेपूर्वी तीन तास, लघु असावे. रात्री दही वर्ज्य, हे चरकांचे वचन येथे विशेष लागू. मद्य पूर्ण बंद. नाक चोंदत असल्यास अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, सकाळ-सायंकाळ. स्थौल्यात गुरु व अपतर्पण असा आहार, यव, मुद्ग, कुळीथ, ताक, मधूदक, त्रिफळा, रूक्ष उद्वर्तन, व्यायाम ही शास्त्रोक्त योजना. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घकालीन अभ्यासात दहा टक्के वजन घटल्यास श्वासरोधाची संख्या सुमारे २६ टक्के घटते असे २००० साली दिसून आले. मेदोहर चिकित्सा हे आपले बलस्थान आहे, आणि येथे तिला मोजता येण्याजोगे फळ आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. स्थौल्याच्या चिकित्सेत क्रमाने जागरण वाढवण्याचा उपदेश आहे. क्रथन असलेल्या स्थूल रुग्णास तो जसाच्या तसा देऊ नये, असे आमचे मत आहे. हा रुग्ण आठ तास शय्येवर असतो, पण त्याची झोप शेकडो वेळा मोडलेली असते. त्याची दिवसाची पेंग अतिनिद्रेमुळे नसून अल्पनिद्रेमुळे असते. त्यास ‘झोप कमी करा’ सांगणे म्हणजे उपाशी माणसास लंघन देणे होय. आधी श्वास मोकळा करावा, मग मेदाकडे वळावे.

श्वास मोकळा करण्याचे निश्चित साधन म्हणजे नाकावरील मुखवट्यातून वायूचा दाब देणारे यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले. दाबाने मार्ग उघडा राहतो, इतकेच त्याचे कार्य. निवडक रुग्णांत खालचा जबडा पुढे ठेवणारे दंतसाधन वा शल्यकर्म योजतात. बालकांत टॉन्सिल व नाकामागील ग्रंथींची वाढ हे प्रमुख कारण असल्याने त्यांस कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. स्थूल रुग्णांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपेटाइड या औषधास डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली आहे. रुग्ण याविषयी विचारतात, म्हणून आपणांस ठाऊक असावे.

घशाच्या स्नायूंच्या व्यायामाविषयीचे दोन अभ्यास आपल्याला रुचतील असे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे फुंकवाद्य चार महिने वाजवण्याचा २५ रुग्णांवर प्रयोग झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला असून दिवसाची पेंग व श्वासरोध घटल्याचे त्यात आढळले. जयपूर येथील चिकित्सकांनी मध्यम श्वासरोधाच्या ३० रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, किमान पंधरा मिनिटे शंखवादन केले. इतरांनी दीर्घश्वसन केले. शंख वाजवणाऱ्यांत सुधारणा अधिक दिसली. संख्या लहान आहे, म्हणून यंत्राच्या जागी शंख देऊ नये. जोडीला देण्यास हरकत नाही. रक्तदाब अनियंत्रित असल्यास, अंत्रवृद्धी वा नेत्रातील दाब वाढलेला असल्यास टाळावे.

औषधालयचालक बंधूंसाठी

औषधालयात प्रथम येते ती बहुधा जागणारी व्यक्ती. ती म्हणते, “झोपेचे काहीतरी द्या,” किंवा “यांच्या घोरण्यावर काहीतरी द्या.” अशा वेळी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, घोरणाऱ्यास निद्राकर औषध कदापि देऊ नये. स्नायू अधिक शिथिल होऊन श्वासरोध वाढण्याचा धोका असतो. दुसरी, नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपलीकडे वापरू देऊ नयेत. सवयीने नाक अधिकच चोंदते. तिसरी, नाकावरच्या पट्ट्या, अंगठ्या, फवारे विकताना ‘श्वास मध्येच थांबतो का?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘होय’ असल्यास वैद्याकडे पाठवावे. स्थौल्य बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहेत, याचेही स्मरण ठेवावे. एका ग्राहकाला वस्तू न विकता योग्य ठिकाणी पाठवले तर ते घर पिढ्यान्‌पिढ्या त्या दुकानाशी जोडलेले राहते.

उपसंहार

आमची निद्रापरीक्षा पुण्यात झाली. तासाला अडतीस अवरोध, रक्तातील प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत खाली. मानेचा घेर ४२ सें.मी., वजन ९४ किलो. रुग्णांना उद्वर्तन आणि यवाची भाकरी सांगणारे आम्ही स्वतः रात्री साडेदहाला दही-भात खात होतो. दुपारी रुग्ण बोलत असता आमचा डोळा लागे, त्यास आम्ही श्रम समजत होतो.

यंत्र घेण्याचा निर्णय आम्हांस जड गेला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आयुर्वेदाचा वैद्य, आणि रात्री तोंडाला नळी लावून झोपतो, हे कोणास कळले तर? महिनाभर आम्ही केवळ नस्य आणि लंघनावर भागवू म्हणत राहिलो. तेव्हा पत्नी म्हणाल्या, “तुमचा अभिमान सांभाळायला मला आणखी किती रात्री जागायचे आहे?” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. यंत्र आले. पहिल्या आठवड्यात मुखवटा टोचला, नाक कोरडे पडले, दोनदा आम्ही तो झोपेत काढून फेकला. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर डोके हलके वाटले. कित्येक वर्षांत ते तसे नव्हते.

चौदा महिन्यांत शास्त्रोक्त आहार-विहाराने वजन ८३ किलोवर आले. फेरतपासणीत, यंत्राविना, अवरोध तासाला सव्वीस निघाले. विकार घटला, गेला नाही. यंत्र अद्याप चालू आहे आणि त्याबरोबर यवाची भाकरीही. या दोहोंत आम्हांस विरोध दिसत नाही.

पत्नीचा पथ्यादि क्वाथ यंत्र आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात बंद झाला. तो पुन्हा लागला नाही. आता चिकित्सालयात कोणी ‘झोप येत नाही’ म्हणून आले की नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी आम्ही विचारतो, “शेजारी कोण झोपते?” पुष्कळ जण हसतात. काही जण मात्र हसत नाहीत. हळू आवाजात सांगू लागतात, आणि त्यांतील एखादी म्हणते की मी आकडे मोजते. अशा वेळी आम्ही तिच्यासाठी औषध लिहिण्याआधी तिच्या यजमानांना बोलावून घेतो.